आधी नाव थांबवा: इंजिन बंद पडलेल्या एका रबरी बोटीचं प्रकरण

काठापासून साधारण एक किलोमीटरवर इंजिन बंद पडलं. पुढची वीस मिनिटं आम्ही आधी इंजिनाशी आणि मग वल्ह्यांशी झटत राहिलो, आणि तेवढ्या वेळात वाऱ्याने बोट आणखी सहाशे मीटर आत नेली. इंजिन का बंद पडलं ते पुढे येईलच. पण मला मुख्यतः लिहायचंय ते या वीस मिनिटांबद्दल.

खाली दिलेल्या वेळा आठवणीतल्या नाहीत. फोनमधले फोटो, त्यांच्यावर नोंदलेली जागा आणि कॉलची यादी यांवरून त्या नंतर जुळवल्या. तशा त्या जुळवाव्यातच, कारण आम्हा तिघांनाही ती वीस मिनिटं पाच-सात मिनिटांसारखी वाटली होती.

बोट आणि माणसं

बोट तीन मीटरची, हवा भरायची. बाजूच्या ट्यूबमध्ये तीन स्वतंत्र कप्पे, तळाला फुगवायची जमीन, मागे लाकडी फळीवर सहा हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. पेट्रोलची बारा लिटरची सुटी टाकी, तिच्यातून इंजिनापर्यंत रबरी नळी आणि नळीच्या मध्यावर हाताने दाबायचा बल्ब. बोटीवरच्या पाटीप्रमाणे चार माणसं चालत होती, आम्ही तीन होतो. इंजिनाच्या हँडलवर माझा मित्र, मध्ये त्याचा सोळा वर्षांचा भाचा, पुढे मी. तिघांच्याही अंगात लाइफ जॅकेट होती, बंद लावलेली. किल कॉर्ड, म्हणजे ओढली गेली की इंजिन बंद पाडणारी लाल पिळाची दोरी, मित्राच्या मांडीला होती. या दोन गोष्टी आम्ही नीट केल्या होत्या. त्या केल्या नसत्या तर हे लिखाण वेगळ्या सुरात झालं असतं.

पाणी मोठ्या तलावाचं. वारा आमच्या काठावरून पाण्याकडे, किंचित तिरका, ताशी पंचवीस किलोमीटरच्या आसपास. असा वारा काठावर उभं राहून कळतच नाही. मागे झाडं आणि चढ असल्यामुळे काठाजवळचं पाणी आरशासारखं असतं. लाटा तयार व्हायला वाऱ्याला मोकळं पाणी लागतं, आणि ते त्याला पुढे मिळतं. म्हणजे जितकं आत जावं तितकं पाणी खवळलेलं, आणि परतीचा सगळा रस्ता वाऱ्याच्या तोंडात. शाळेच्या भूगोलातला मतलई वारा रात्री वाहतो, म्हणून दुपारी काठावरून आत जाणाऱ्या वाऱ्याची शंका कुणाला येत नाही. पण वारा काही फक्त त्या धड्यातल्या कारणानेच वाहत नाही. रबरी बोटीसाठी मला सगळ्यात धोक्याचा वाटतो तो हाच वारा. समोरून येणारा वारा निदान तुम्हाला निघूच देत नाही.

घटनाक्रम

4:15 ला निघालो. टाकी काठोकाठ भरलेली होती आणि अर्धा-पाऊण तास उन्हात होती. इंजिन पहिल्या-दुसऱ्या ओढीत चालू झालं, थंड करणाऱ्या पाण्याची धार नीट पडत होती. मध्ये फोटोसाठी थांबत, रमतगमत गेलो.

4:31 ला इंजिन दोनदा धडपडलं आणि बंद झालं.

मित्राने दोरी ओढली. चोक लावून ओढली, चोक काढून ओढली. गिअर न्यूट्रलमध्ये आहे का, किल कॉर्डची क्लिप जागेवर आहे का, हे मी विचारलं. दोन्ही ठीक होतं. मग वरचं झाकण काढलं, प्लगची टोपी दाबून बघितली. मध्येच एकदा इंजिन लागलं, अर्धा मिनिट चाललं, विझलं. या अर्ध्या मिनिटाने आमचं फार नुकसान केलं. इंजिन मेलेलं नाही, थोडी खटपट केली की लागेल, अशी आशा त्याने लावून ठेवली.

याच सुमारास भाचा म्हणाला, "मामा, ती पाण्याची टाकी मघाशी त्या मोठ्या झाडामागे होती ना? आता बाजूला दिसतेय बघ."

मित्र म्हणाला, "थांब रे जरा, आधी हे चालू होऊ दे."

मीही मान डोलावली. पोराने जे सांगितलं ते त्या क्षणी बोटीतलं सगळ्यात महत्त्वाचं निरीक्षण होतं. काठावरच्या एकामागे एक असलेल्या दोन खुणा सरकायला लागल्या, की बोट वाहतेय हे पक्कं. पाण्याकडे पाहून ते कळत नाही, कारण पाणी आणि बोट दोन्ही हलत असतात. आम्ही दोन मोठी माणसं, आणि आम्ही त्याला गप्प केलं.

4:45 नंतर वल्ही मारून पाहिली. रबरी बोट पाण्यात जेमतेम वीतभर बुडते आणि वाऱ्याला मात्र सगळी अंगावर घेते. तळाला धार नाही, वजन नाही. एवढ्या वाऱ्याविरुद्ध दोन लहान वल्ह्यांनी ती जागेवरही राहिली नाही. सहा-सात मिनिटांत मित्राचे आणि माझे हात भरून आले.

4:52 ला मित्राने टाकीचं झाकण उघडून आत पेट्रोल आहे का ते पाहिलं. भरपूर होतं. झाकण घट्ट लावलं, दोरी ओढली, आणि इंजिन लागलं. आम्ही ओरडलोच आनंदाने. झाकण उघडलं म्हणूनच ते लागलं, हे तेव्हा तिघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

मग घाई झाली. मित्राने पूर्ण ॲक्सिलरेटर दिला आणि बोट सरळ लाटांवर घातली. ट्यूब आता मऊ झाल्या होत्या, त्यामुळे बोट लाटेवर चढताना मधोमध वाकत होती आणि उतरताना सपकन सरळ होत होती. मित्र हँडल धरून ट्यूबवर बसला होता. 4:56 च्या सुमारास अशाच एका झटक्यात तो मागच्या मागे पाण्यात गेला.

किल कॉर्ड ताणली, निसटली, इंजिन तत्क्षणी बंद. मला आठवते ती त्या क्षणाची शांतता.

किल कॉर्ड नसती तर

सुटलेलं हँडल सरळ राहत नाही. पंख्याच्या फिरण्याने इंजिन एका बाजूला वळतं, आणि रिकामी किंवा अर्धी रिकामी बोट गोल फिरत पडलेल्या माणसाकडेच परत येते. 5 मे 2013 रोजी इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलमध्ये, कॅमल नदीच्या मुखाशी, एका वेगवान रबरी बोटीतून अख्खं सहा जणांचं कुटुंब पाण्यात फेकलं गेलं. बोटीला किल कॉर्ड होती, पण ती कुणाच्याही अंगाला लावलेली नव्हती. बोट फिरत फिरत त्यांच्यावर परत आली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी गेली, आई आणि लहान मुलाला गंभीर जखमा झाल्या. अमेरिकेत 1 एप्रिल 2021 पासून 26 फुटांखालच्या आणि तीन किंवा जास्त हॉर्सपॉवरच्या बोटींवर वेगात असताना इंजिन बंद पाडणारी ही सोय वापरणं कायद्याने सक्तीचं आहे. ज्यांच्याकडे असा कायदा नाही त्यांनी तो स्वतःवर लावून घ्यावा, आणि दोरी हँडलला न गुंडाळता मांडीला किंवा जॅकेटच्या मजबूत कडीला लावावी. मनगटाला लावलेली दोरी ओल्या हातावरून घसरून निघू शकते, असं मला वाटतं. मी मांडीच्या बाजूचा.

एक गोष्ट मात्र आमच्याकडे नव्हती: सुटी, जास्तीची क्लिप. चालक पाण्यात पडला की क्लिप त्याच्याबरोबर जाते. बोटीत राहिलेल्याला इंजिन चालू करून त्याच्याकडे जायचं असेल, तर दुसरी क्लिप हवीच. मित्र बोटीपासून पाच-सहा मीटरवरच होता म्हणून निभावलं.

पाण्यातून माणूस वर घेणं

पाणी वीस अंशांच्या आसपास असावं, म्हणजे फार थंड नाही. तरी पहिलं अर्धं मिनिट मित्राला श्वास आवरत नव्हता, बोलता येत नव्हतं. अचानक गार पाण्यात पडलं की छाती आपोआप हवा ओढते, आणि तोंड त्या वेळी पाण्याखाली असेल तर पाणी आत जातं. 15 अंशांखालच्या पाण्यात हा धक्का फार जोराचा असतो. लाइफ जॅकेट खरं तर या पहिल्या मिनिटासाठी असतं. त्यात पोहायचं नाही, फक्त तोंड वर ठेवून श्वास लागेपर्यंत थांबायचं. पट्टीचा पोहणाराही इथे फसतो. थंड पाण्याबद्दल शिकवताना एक-दहा-एक असे आकडे सांगतात: एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, दहा मिनिटं हातापायांत काम करण्याजोगी ताकद, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. यातली मधली दहा मिनिटं लोक विसरतात. माणूस शुद्धीत असतो, पण बोटांना दोरीची पकड येत नाही. म्हणून वर घ्यायचं ते लवकर.

भाच्याने पुढची दोरी फेकली. दुसऱ्या फेकीत ती मित्राच्या खांद्यावर पडली. त्याला बोटीशी ओढून घेतल्यावर मी चूक केली: दोन्ही खांदे धरून सरळ वर उपसायला गेलो. ओले कपडे घातलेला, दमलेला माणूस असा निघत नाही. वर तिघांचं वजन एका बाजूला आलं आणि ती ट्यूब पाण्याखाली जायला लागली. मग भाच्याला विरुद्ध बाजूला बसवलं. मित्राला तोंड बोटीकडे करायला लावून जॅकेटचे खांद्याचे पट्टे धरले, त्याला आधी थोडं खाली दाबलं, आणि जॅकेटच्या उसळीने तो वर येत असताना त्याच झोकात ओढलं. त्याने त्याच वेळी पाय मारले. दुसऱ्या प्रयत्नात तो पोटावर ट्यूबवर आला आणि घसरून आत पडला. इंजिन पूर्ण बंद होईपर्यंत कुणालाही पाण्यातून वर घ्यायचं नाही. न्यूट्रलवर विसंबायचं नाही, कारण गडबडीत हँडलला धक्का लागायला वेळ लागत नाही.

बोटीत आला तेव्हा पाच वाजले होते. चार मिनिटं.

नांगर

मित्र कुडकुडत होता. हवा आणि ओले कपडे मिळून त्याला पाण्याबाहेरही गारठवत होते. माझं कोरडं जाकीट (लाइफ जॅकेट नव्हे) त्याला दिलं आणि ट्यूबच्या आडोशाला खाली बसवलं. तो म्हणाला, "ओढून बघू का परत?"

त्या वेळी मी नाही म्हटलं. माझ्यात शहाणपण अचानक आलं नव्हतं. काठाकडे पाहिलं तेव्हा झाडं इतकी लहान दिसत होती की भीती वाटली. पिशवीतून नांगर काढला. दोर गुंतलेला होता, सोडवायला दोन मिनिटं गेली. दोराचं दुसरं टोक कशालाच बांधलेलं नव्हतं. मी नांगर तसाच टाकला असता तर तळाशी जाऊन राहिला असता आणि दोरही मागून गेला असता. भाच्याने टोक पुढच्या कडीला बांधलं. पुढच्याच, हे महत्त्वाचं. मागच्या कडीला बांधलं तर बोटीची पाठ लाटांना होते. मागे फळी खालची, इंजिनाचं वजन तिथेच, आणि लाट थेट आत.

खोली पाच-सहा मीटर होती, दोर तीस मीटर, त्याच्या टोकाला नांगराजवळ दोन मीटर साखळी. खोलीच्या पाच ते सात पट दोर सोडावा लागतो, कारण नांगराची पकड बसते ती ओढ आडवी असेल तेव्हा. उभ्या ओढीने तो उखडतो. आम्ही सगळाच सोडला. पहिल्यांदा घसरला, मग धरला. बोट वळली, तोंड वाऱ्याला आलं, आणि सगळं बदललं. लाटा तितक्याच होत्या, पण आता त्या पुढून येऊन खालून जात होत्या. आडवे हेलकावे थांबले. काठावरच्या दोन खुणा जागेवर राहिल्या, हेही भाच्यानेच पाहून सांगितलं.

हे 5:05 ला झालं. 4:31 लाही झालं असतं. नांगर तेव्हाही त्याच पिशवीत होता.

तळ लागत नसेल तर? बादलीला दोर बांधून तो पुढच्या कडीला लावायचा आणि बादली पाण्यात सोडायची. बोट थांबत नाही, पण वाहणं मंदावतं आणि तोंड लाटांकडे राहतं. त्यासाठीच बनवलेली कापडी छत्रीही मिळते. आमच्याकडे पाणी उपसायची बादली होती. ती तशी वापरता येते हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं.

नांगरावर उभं असताना इंजिन दोनदा लागलं आणि दोनदा विझलं. आता मात्र विचार करायला वेळ होता. आम्ही ठरवलं की इंजिनाच्या भरवशावर इथून निघायचं नाही. 5:11 ला काठावर ज्यांना परतीची वेळ सांगून ठेवली होती त्यांना फोन केला आणि फोनवरूनच जागा पाठवली. फोन भाच्याच्या गळ्यात, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत होता. समुद्रावर असतो तर व्हीएचएफ रेडिओचा 16 नंबरचा चॅनल, जिवावर बेतलं असेल तर तीनदा ‘मेडे’ अशी मदतीची हाक, नसेल तर तीनदा ‘पॅन-पॅन’, मग बोटीचं नाव, जागा, अडचण, माणसं किती.

5:40 ला मोठी बोट आली. त्यांनी आधी माणसं स्वतःच्या बोटीत घेतली. आमचं इंजिन वर उचलून, पुढच्या दोन्ही कड्यांतून दोर ओवून, संथ वेगाने रिकामी बोट ओढली. ओढीचा दोर एकाच कडीला लावला तर रबरी बोट डावी-उजवी फिरत राहते आणि कडी उखडू शकते.

इंजिन का बंद पडलं

टाकीच्या झाकणावर एक छोटा स्क्रू असतो, हवा आत घ्यायचा. गाडीतून नेताना पेट्रोल सांडू नये म्हणून तो बंद करतात. आमचा बंदच राहिला होता.

पेट्रोल बाहेर गेलं की तेवढ्या जागेत हवा यायला हवी. ती आली नाही की टाकीत पोकळी तयार होते आणि इंजिनाचा पंप तिच्याविरुद्ध पेट्रोल ओढू शकत नाही. मग पहिली पंधरा-सोळा मिनिटं कशी चाललं? टाकी उन्हात तापलेली होती. आतल्या वाफेचा दाब उलट पेट्रोल बाहेर ढकलत होता. तो संपला, मग पोकळी व्हायला लागली. काठोकाठ भरलेल्या टाकीत वर हवेची जागा थोडी, म्हणून पोकळी लवकर जाणवते. इंजिन बंद असताना दाब हळूहळू थोडा सावरत असणार, म्हणून मधूनच अर्धा मिनिट लागायचं. आणि 4:52 ला झाकण उघडलं तेव्हा पूर्ण सावरला.

याची खूण समोरच होती. नळीवरचा बल्ब चपटा होतो आणि दाबला तर परत फुगत नाही. आमचा बल्ब भाच्याच्या पायाजवळच्या पिशवीखाली होता. कुणी हात लावला नाही. प्लग उघडेपर्यंत गेलो आणि बल्ब पाहिला नाही.

मऊ ट्यूबचं कारणही काठावरचंच. उन्हात, ट्यूब 35 अंशांच्या आसपास तापलेली असताना, गेजवर 0.25 बार दाब पाहून थांबलो. पाण्यात ती 20 अंशांवर आली. बंद जागेतली हवा थंड झाली की दाब उतरतो, आणि हिशेब केला तर गेजवर तो 0.19 च्या आसपास येतो. चौथा हिस्सा गेला, एक थेंब हवा न गळता. पाण्यात सोडल्यावर पाच-दहा मिनिटांनी परत गेज लावून वरची हवा भरायला हवी होती. (परत आल्यावर बोट उन्हात ओढली की ती वरची हवा आधी काढायची, नाहीतर शिवणीवर ताण येतो.) दाब पुरा असता तर बोट वाकली नसती. अर्थात ट्यूबवर न बसता खाली बसून, अर्ध्या वेगाने, लाटा थोड्या तिरक्या घेत निघालो असतो, तरी मित्र पडला नसता.

माझ्या मते आम्हाला खरा दुसरा मार्ग वल्ह्यांचाही होता, पण सरळ काठाकडे नाही. उजवीकडे जमिनीचं एक टोक पाण्यात आलेलं होतं, वाऱ्याला आडवं. पहिल्या पाच मिनिटांत, अंगात ताकद असताना, आडवी वल्ही मारली असती तर कदाचित त्याच्या आडोशाला पोचलो असतो. वाऱ्याच्या तोंडात जाता येत नाही, पण वाऱ्याला आडवं थोडं सरकता येतं. 4:45 ला हा मार्ग उरला नव्हता. मित्राला हे पटत नाही, त्याच्या मते नांगरच.

नंतर

पंधरा दिवसांनी तिघं परत गेलो. बोटीच्या मागच्या दोन्ही कड्यांना दोर लावून ते काठावरच्या झाडाला बांधले, कमरेइतक्या पाण्यात. नांगर पुढे, टोक बांधलेलं, दोर बादलीत वेटोळं करून ठेवलेला. टाकी भरून अर्धा तास उन्हात ठेवली, हवेचा स्क्रू मुद्दाम बंद केला. इंजिन चालू करून मंद वेगात पुढच्या गिअरला टाकलं. पाण्यात कुणी उतरायचं नाही असं ठरलं होतं.

भाचा बल्ब मुठीत धरून बसला. दहा मिनिटं काहीच नाही. मग तो म्हणाला, "मामा, बसायला लागला." मित्राने हात लावून पाहिला, मग मी. रबर बोटांखाली हळूहळू आत जात होतं. त्यानंतर दोन मिनिटांनी इंजिन धडपडलं, त्या दिवशीसारखंच दोनदा, आणि बंद झालं. मित्राने स्क्रू सैल केला. टाकीने सुस्कारा टाकावा तशी हवा आत गेली आणि भाच्याच्या मुठीत बल्ब परत भरला.